लिलाव बंद होते त्या दिवशी ॲप पडलं: एका कांदा-भाव ॲपमधल्या रेडिसचं प्रकरण

१९ ऑगस्ट २०२३, शनिवार, त्या दिवशी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. सोमवारी २१ तारखेला नाशिक जिल्ह्यात व्यापाऱ्यांनी कांद्याचे लिलाव बंद ठेवले, लासलगाव बंद, पिंपळगाव बसवंत बंद, सगळीकडे तेच. आणि ज्या ॲपबद्दल आपण बोलतोय ते त्याच सोमवारी सकाळी नवाच्या सुमाराला आडवं झालं ते दुपारपर्यंत उठलंच नाही. आता गंमत बघा, लिलाव बंद म्हणजे नवीन भाव शून्य, टाकणारं कोणी नाही, दाखवायला काही नाही, आणि तरी डेटाबेसचा सीपीयू शंभर टक्क्यांवर. ऑफिसचा फोन सारखा वाजतोय, "ओ दादा, भावाचं राहू द्या, लासलगाव चालू का बंद एवढं तरी सांगा."

ॲपचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, गंगापूर रोडला छोटंसं ऑफिस आहे, टीम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. काम ऐकायला सोपं. बाजार समितीच्या आवारात यांची पोरं उभी असतात, ट्रॅक्टर-पिकअपच्या रांगा लागलेल्या, व्यापारी एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर सरकत बोली लावत जातात, भाव फुटला की पोरगा मोबाईलवर टाकतो: कुठली गाडी, माल कोणता म्हणजे उन्हाळ का लाल का गोल्टी, अंदाजे वजन, आणि क्विंटलचा भाव. तो कळवण-सटाणा-येवल्याकडे घरी बसलेल्या शेतकऱ्याला लगेच दिसला पाहिजे, कारण त्याला ठरवायचं असतं की चाळीतला माल आज काढून भरायचा का उद्या, आणि लासलगावला न्यायचा का पिंपळगावला. समितीचे किमान, कमाल, सर्वसाधारण असे अधिकृत आकडे नंतर येतातच, पण तोपर्यंत ट्रॅक्टर भरून रस्त्याला लागलेला असतो.

म्हणजे लोड कसा आहे तर लिहिणारे मूठभर, वाचणारे हजारो, सगळे एकाच वेळी वाचणार, आणि त्यातले निम्मेअधिक दोन-तीनच मार्केटकडे बघणार. मेमरीत डेटा ठेवायला याच्यापेक्षा सोयीचा प्रकार शोधून सापडणार नाही. बाय द वे रेडिस, म्हणजे डेटा मेमरीत ठेवून पटकन देणारा डेटाबेस, त्याचा जन्मही असल्याच गरजेतून झालाय, साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रामरची एक रिअल-टाइम वेब-लॉग दाखवणारी सर्व्हिस होती, तिला मायएसक्यूएल हा डेटाबेस पुरेना म्हणून त्याने २००९ मध्ये हे बाहेर काढलं.

रेडिस यांच्याकडे होतंच. म्हणजे "कॅश लावा", तयार उत्तर मेमरीत धरून ठेवा, हा सल्ला आधीच पाळून झाला होता, त्यामुळे हे प्रकरण जास्त बघण्यासारखं आहे.

सोमवारी नेमकं काय झालं

जुनी पद्धत अशी: मोबाईलवरून रिक्वेस्ट आली की ॲप आधी रेडिसमध्ये मार्केटच्या नावाची 'की' (ज्या नावाखाली उत्तर ठेवलंय ते नाव) बघणार, मिळाली तर तीच परत, नाही मिळाली तर पोस्टग्रेसवर (हा मुख्य, डिस्कवरचा डेटाबेस) क्वेरी मारून आजच्या सगळ्या नोंदींमधून किमान-कमाल-सरासरी काढणार, ते ६० सेकंदांच्या टीटीएलने (तेवढी मुदत संपली की आपोआप पुसलं जाणार) रेडिसमध्ये ठेवणार आणि पाठवणार. सगळीकडे हेच शिकवतात आणि त्यात तसं चुकीचं काही नाही.

पण कोडमध्ये एक अट होती, आजचा रिझल्ट रिकामा असेल तर कॅशमध्ये ठेवू नका. ज्याने लिहिली त्याचा विचार बरोबर होता, सकाळी लिलाव सुरू व्हायच्या आधी "काही नाही" हे उत्तर कॅशमध्ये बसलं तर पहिला भाव लोकांना मिनिटभर उशिरा दिसेल, तो तसा दिसू नये. रोजच्या दिवशी ही अट कोणाला जाणवायचीही नाही. लिलावच बंद असलेल्या दिवशी मात्र उत्तर कायमच रिकामं, म्हणजे की कधी बनतच नाही, म्हणजे आलेली प्रत्येक रिक्वेस्ट रेडिसला वळसा घालून थेट पोस्टग्रेसवर. त्यात भर म्हणजे क्वेरीला शेपूट होतं, आजची नोंद नसेल तर मागे जात जात शेवटचा लिलावाचा दिवस शोधा आणि तो दाखवा. ही शोधाशोध रोजच्या क्वेरीपेक्षा कितीतरी जड. थोडक्यात डेटा नव्हता म्हणूनच डेटाबेस सगळ्यात जास्त राबला, आणि नेमकं त्याच दिवशी जिल्ह्यातला प्रत्येक कांदावाला दर पाच मिनिटांनी स्क्रीन खाली ओढून रिफ्रेश करत होता.

याला कॅश पेनिट्रेशन म्हणतात. तात्पुरता इलाज त्याच संध्याकाळी झाला, "आज नोंद नाही" हेही एक उत्तरच आहे असं धरून ते १५ सेकंदांच्या टीटीएलने ठेवायला लागले, शेवटच्या दिवसाचे आकडे वेगळ्या कीमध्ये रात्रीच काढून ठेवले, आणि मंगळवारी लिलाव बंदच असूनही ॲप उभं राहिलं.

माझा संबंध आला तो यानंतर. टीमने तोवर ठरवून टाकलं होतं की रेडिस क्लस्टर, म्हणजे डेटा अनेक मशिनवर वाटून ठेवायची रचना, पाहिजे, तीन मास्टर आणि त्यांच्या नकला म्हणजे तीन रेप्लिका, सहा मशिनचं कोटेशनही तयार. मालक निफाड तालुक्यातले, घरी स्वतःचा कांदा, ते म्हणाले, "सर, सहा घेऊ, आठ घेऊ, पण परत असं नको व्हायला." मी म्हटलं घेऊ की, आधी मेमरीत आहे किती ते तरी बघू.

मेमरीत काय काय सापडलं

बघायला फार काही लागत नाही. इन्फो मेमरी (किती मेमरी लागते), स्लोलॉग (हळू चाललेल्या कमांड), आणि रेडिस-सीएलआयचा बिग-कीज (मोठ्या की) हा ऑप्शन, एवढ्यात बऱ्यापैकी चित्र दिसतं. येणारी प्रत्येक कमांड दाखवणारी मॉनिटर कमांड मात्र चालू सिस्टिमवर लावू नका, तीच रेडिसचा वेग बराच खाली आणते.

आधी भावांचा हिशोब. मोठ्या मार्केटला दिवसाला २,००० गाड्या धरा, जिल्ह्यातली सगळी मार्केटं मिळून भरभरून २०,००० नोंदी धरा. रेडिसच्या सॉर्टेड सेटमध्ये (आकड्याच्या क्रमाने लावलेली यादी) एका नोंदीला आतला सगळा बारदाना धरून १०० ते १५० बाइट लागतात असं धरलं तरी दिवसाचा सगळा माल २ ते ३ एमबी. एमबी, जीबी नाही. वर्षभराचं ठेवलं तरी एका साध्या मशिनमध्ये आरामात मावतं, आणि वर्षभराचं मेमरीत ठेवायची गरजच नाही.

मग मेमरी भरत कशाने होती? तर दोन गोष्टी. एक म्हणजे प्रत्येक मोबाईलची सर्च हिस्टरी, जी कोणीतरी "पुढे उपयोगी पडेल" म्हणून टीटीएल न लावता टाकून ठेवलेली. दुसरं म्हणजे सेशन, कोण लॉगिन आहे त्याच्या नोंदी. आणि रेडिसच्या याच इन्स्टन्समध्ये (चालू असलेल्या एका प्रतीत) शेतकऱ्यांचे अलर्टही होते, "लासलगाव उन्हाळ २,००० च्या वर गेला की कळवा" असे. आता पॉलिसी बघा, मॅक्समेमरी, म्हणजे मेमरीची मर्यादा, लावलेली होती पण मॅक्समेमरी-पॉलिसी डिफॉल्ट, म्हणजे नो-एव्हिक्शन. मेमरी भरली की रेडिस लिहायलाच नकार देणार. तसं आधी एकदा होऊन गेलं होतं, भाव वाचता येतायत पण नवीन भाव चढत नाहीत, आणि तेव्हा रॅम वाढवून वेळ मारून नेलेली.

टीममधला एक जण म्हणाला ऑल-कीज-एलआरयू करून टाकू, जुनं आपोआप उडत जाईल. उडेल, पण काय उडेल? एलआरयू बघतं की कोणत्या कीला बरेच दिवस हात लागला नाही. ती की कसली आहे, तिच्यात काय आहे हे ते बघत नाही, त्यामुळे गदा अलर्टच्या कीवरही येऊ शकते. म्हणजे ज्या शेतकऱ्याने तीन आठवडे वाट बघितली त्याचा अलर्ट गुपचूप गायब, आणि कोणालाच कळणार नाही, कारण न आलेल्या नोटिफिकेशनची एरर कुठे येत नसते.

म्हणून पहिलं काम कोडचं नव्हतंच. कागदावर प्रत्येक प्रकारच्या कीसमोर लिहायला लावलं की ही आत्ता पुसली गेली तर काय होईल. भावाचं तयार उत्तर: काही नाही, परत बनेल. सेशन: लोक वैतागतील, परत ओटीपी टाकतील. अलर्ट: शेतकऱ्याचं नुकसान. सर्च हिस्टरी: कोणाला काय फरक पडतो, डिलीट. हा कागद बनवायला टीमला अर्धा दिवस लागला आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी काम तेच.

कागदावरून दोन रेडिस निघाले. एक फक्त कॅश, त्यात पर्सिस्टन्स (डिस्कवर जतन करणं) बंद, पॉलिसी ऑल-कीज-एलएफयू (सगळ्यात कमी वापरलेली की आधी उडते), बंद पडलं तर रिकामं परत उठलं तरी चालेल. दुसऱ्यात आजचे भाव, अलर्ट, सेशन आणि रांगा, तिथे नो-एव्हिक्शनच ठेवलं पण आता ते जाणूनबुजून, एओएफ (प्रत्येक लिखाणाची फाइलमध्ये नोंद) चालू, दर सेकंदाला डिस्कवर. एकाच रेडिसमध्ये डेटाबेस शून्य आणि डेटाबेस एक असे भाग करून भागेल का हा प्रश्न आला, नाही भागत, कारण मॅक्समेमरी आणि पॉलिसी पूर्ण इन्स्टन्सला मिळून एकच असते.

क्वेरीची कॅश नको, भावच मेमरीत

आता मुख्य बदल, इथे जरा सावकाश वाचा.

६० सेकंदांच्या कॅशचा आलेख बघितला की करवतीच्या दातांसारखा दिसायचा. दर मिनिटाला लासलगावची की एक्स्पायर झाली की त्या क्षणाला आलेल्या सगळ्या रिक्वेस्टना की सापडत नाही, सगळ्या मिळून एकच जड क्वेरी पोस्टग्रेसवर मारतात. याला स्टँपीड म्हणतात. यावर नेहमीचे उपाय आहेत, सेट कमांडला एनएक्स (की आधी नसेल तरच लिही) लावून छोटं लॉक घ्यायचं म्हणजे एकच जण क्वेरी मारेल आणि बाकीचे जुनं उत्तर दाखवतील, किंवा टीटीएलमध्ये थोडे रँडम सेकंद मिसळायचे म्हणजे सगळ्या मार्केटच्या की एकदम मरणार नाहीत. दोन्ही चालतात. पण मुळात वाचताना हिशोब करायचाच कशाला? दिवसाला २०,००० वेळा लिहिलं जातं आणि त्याच्या कित्येक पट वाचलं जातं, मग हिशोब लिहिताना करा.

टीमने पहिला प्रयत्न हॅशने (एका कीखाली नावानिशी अनेक आकडे) केला, मार्केटची एक हॅश, तिच्यात किमान, कमाल, बेरीज, संख्या. नवीन भाव आला की कमालपेक्षा मोठा असेल तर कमाल बदला, बेरजेत मिळवा, झालं. दोन दिवस झकास चाललं आणि मग एका पोराने २,१०० च्या जागी २१,००० टाकलं. नोंद दुरुस्त केली त्याने लगेच, पण हॅशमधला कमाल २१,००० वर बसला तो बसलाच, कारण त्याच्या आधीचा कमाल काय होता हे हॅशला माहितीच नाही. किमानचंही तसंच.

म्हणून सॉर्टेड सेट. प्रत्येक मार्केट, प्रत्येक माल, प्रत्येक दिवस याचा एक सेट, मेंबर म्हणजे गाडीच्या नोंदीचा आयडी, स्कोअर म्हणजे भाव. झेड-ॲड (नोंद टाकायची कमांड) केलं की झालं. सेट कायम स्कोअरच्या क्रमाने लावलेलाच असतो, त्यामुळे पहिला मेंबर किमान, शेवटचा कमाल. दुरुस्ती आली की त्याच आयडीला परत झेड-ॲड, जुना स्कोअर जाऊन नवा बसतो, आणि २१,००० चं भूत कुठेच उरत नाही.

याचा अजून एक फायदा झाला जो मला सगळ्यात आवडला. आवारात नेटवर्कची बोंब असते, सकाळच्या गर्दीत तर पोरांच्या मोबाईलवरून नोंदी अडकून राहतात आणि नंतर दहा-दहाच्या गठ्ठ्याने येतात, काही दोनदा येतात कारण ॲपला वाटतं पहिली गेलीच नाही. हॅशमध्ये दोनदा आलेली नोंद बेरजेत दोनदा मिळायची. सॉर्टेड सेटमध्ये तोच आयडी दोनदा आला तरी नोंद एकच. फक्त आयडी सर्व्हरवर न बनवता मोबाईलवरच बनवावा लागला, म्हणजे तीच नोंद परत पाठवली तरी आयडी तोच राहतो. छोटा बदल वाटतो, पण तो केला नसता तर बाकीचं सगळं फुकट होतं.

सरासरीचं काय? सॉर्टेड सेट बेरीज ठेवत नाही. इथे टीममध्ये बराच वाद झाला आणि शेवटी जे ठरलं ते तांत्रिक कारणाने नाही, शेतकऱ्यांशी बोलून ठरलं. लोकांना सरासरी नकोच होती. खराब मालाच्या दोन-चार गाड्या ७०० ने गेल्या की सरासरी खाली यायची आणि चांगला माल असलेला माणूस उगाच घाबरून गाडी भरायची थांबवायचा. त्याला हवं होतं की "बहुतेक गाड्या कितीने जातायत". मग मधला भाव दाखवायचं ठरलं, सगळे भाव चढत्या क्रमाने लावले की बरोबर मध्ये येतो तो. सॉर्टेड सेटमध्ये एकूण नोंदी झेड-कार्डने लगेच कळतात, आणि मधल्या नंबरची नोंद झेड-रेंजने काढायला पूर्ण यादी चाळावी लागत नाही, आतल्या स्किप लिस्टमध्ये प्रत्येक उडीला किती नोंदी मागे पडतात ते लिहिलेलं असतं. पोस्टग्रेसमध्ये हाच मधला भाव काढायचा तर त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी दरवेळी सॉर्ट करा.

नोंद आली की आधी पोस्टग्रेसमध्ये पक्की होते, मग रेडिसमध्ये. उलटं नाही. रेडिसमध्ये जायच्या आधी मध्येच काही तुटलं तर दर काही मिनिटांनी एक जॉब दोन्हीकडची नोंदींची संख्या जुळवतो, फरक दिसला की त्या मार्केटचा आजचा सेट पोस्टग्रेसवरून परत भरतो. एओएफ असूनही हे हवंच, कारण दर सेकंदाला डिस्कवर म्हणजे शेवटचा सेकंदभर जाऊ शकतो, आणि रेप्लिकेशन असिंक्रोनस असल्यामुळे मास्टर पडून रेप्लिका वर आली तरी शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात. रेडिसवर भरवसा ठेवा, पण पावती पोस्टग्रेसकडे पाहिजे.

होम स्क्रीनसाठी प्रत्येक मार्केटचं तयार जेसन (मोबाईलला पाठवायचं उत्तर) वेगळ्या स्ट्रिंग कीमध्ये, ते नोंद आल्यावर बनतं पण सेकंदाला एकदाच, गठ्ठ्याने ५० नोंदी आल्या तरी ५० वेळा नाही. आधीचा कोड लूप लावून एकेक मार्केट मागायचा, वीस मार्केट म्हणजे वीस फेऱ्या, रेडिस कितीही वेगवान असलं तरी नेटवर्कची फेरी ती फेरीच. आता एक एम-गेट, सगळ्या की एकाच कमांडमध्ये.

कीज कमांडचं एक किरकोळ प्रकरणही निघालं. ऑफिसमधल्या डॅशबोर्डवर "आज कोणती मार्केटं चालू" हे काढायला कीज आणि स्टार (सगळ्या की चाळून दाखव) असं चालत होतं, दर दहा सेकंदांनी. रेडिस कमांड एका वेळी एकच चालवतं, ६.० पासून नेटवर्कच्या वाचन-लेखनाला वेगळे थ्रेड लावता येतात पण कमांड अजूनही एकाच मुख्य थ्रेडवर, त्यामुळे कीज लाखो की चाळत असताना बाकी सगळे रांगेत उभे. स्लोलॉगमध्ये वरच दिसलं. चालू मार्केटांचा एक छोटा सेट ठेवला, विषय संपला.

अलर्ट

जुन्या पद्धतीत दर मिनिटाला एक जॉब सगळे अलर्ट काढून प्रत्येकाची अट तपासायचा. आता अलर्टही सॉर्टेड सेटमध्ये, मेंबर शेतकऱ्याचा आयडी, स्कोअर त्याने सांगितलेला भाव. मधला भाव १,९५० वरून २,०१० झाला की फक्त १,९५० च्या वरचे आणि २,०१० पर्यंतचे स्कोअर मागायचे, नेमकी तेवढीच माणसं हातात येतात, बाकी हजारोंना हातही लागत नाही. एकेका गाडीच्या भावावर अलर्ट लावला असता तर दर दुसऱ्या गाडीला फोन वाजला असता, भाव खालीवर होतोच, म्हणून तोही मधल्या भावावर, आणि गेलेला अलर्ट सेटमधून काढून टाकायचा.

पुढे नोटिफिकेशन पाठवायचं काम आधी पब-सबवर होतं. पब-सबचा स्वभाव असा की ऐकणारा त्या क्षणी हजर असेल तर ऐकेल, नसेल तर मेसेज गेला. वर्कर (मेसेज पाठवणारा प्रोग्राम) रिस्टार्ट होत असताना आलेले अलर्ट हवेत. ते स्ट्रीमवर (मेसेज साठवून ठेवणारी रांग) नेलं, रेडिस ५.० पासून आहे हे, कन्झ्युमर ग्रुप (काम वाटून घेणाऱ्या वर्करचा गट) लावला, वर्करने काम झाल्यावर ॲक (पोच) द्यायचा, न दिलेलं दुसरा वर्कर उचलतो. कधीतरी एखाद्याला तोच मेसेज दोनदा जातो, चालतं. पब-सब मात्र पूर्ण काढलं नाही, लाइव्ह स्क्रीनवर भाव लुकलुकतात ते अजून त्यावरच आहे, तिथे एखादा चुकला तर पुढची गाडी सेकंदाभरात येतेच.

क्लस्टरचं काय झालं

नाही घेतला. कारण डेटा छोटा आहे हे एक, पण ते एकटं कारण नाही. यांचा त्रास होता एकाच कीवर सगळ्यांची झुंबड, लासलगाव. रेडिस क्लस्टर की वाटतो कशा, तर कीच्या नावाचा सीआरसी-१६ (नावावरून निघणारा एक आकडा) काढून १६,३८४ स्लॉटपैकी एकात टाकतो, आणि एक स्लॉट एकाच मास्टरकडे. म्हणजे लासलगावची की एकाच मास्टरवर बसणार, झुंबड त्याच मशिनवर येणार आणि बाकीचे दोन मास्टर हात बांधून बघत बसणार. वर एम-गेट मोडणार, कारण वेगवेगळ्या स्लॉटमधल्या की एका कमांडमध्ये मागता येत नाहीत, आणि हॅश टॅग (कीच्या नावातला स्लॉट ठरवणारा भाग) लावून सगळं एका स्लॉटमध्ये कोंबलं तर मग क्लस्टर कशाला. डेटा एका मशिनमध्ये मावत नसेल किंवा लिहिणंच एका मशिनला झेपत नसेल तर क्लस्टर घ्यावा, यांचं तसं काहीच नव्हतं.

त्याऐवजी ॲप सर्व्हरच्या स्वतःच्या मेमरीत होम स्क्रीनचं उत्तर एक सेकंद धरून ठेवलं. हसले आधी सगळे, एका सेकंदाने काय होणार. पण हिशोब करा, एका सर्व्हरवर सेकंदाला हजार रिक्वेस्ट आल्या तरी रेडिसला त्यातली एकच दिसते. शेतकऱ्याला भाव सेकंदभर जुना दिसला तर काही बिघडत नाही, पुढच्या गाडीवर बोली लागायला तेवढा वेळ जातोच. या एका सेकंदाने जेवढा लोड उतरला तेवढा सहा मशिननेही उतरला नसता असं माझं स्पष्ट मत आहे.

मशिन पडलं तर काय, यासाठी एक रेप्लिका आणि तीन सेंटिनेल (मास्टरवर लक्ष ठेवून तो पडला की रेप्लिकाला पुढे करणारे प्रोग्राम), तिसरा सेंटिनेल ॲप सर्व्हरवरच बसवला, कारण दोनच असले आणि त्यातला एक पडला तर बहुमत होत नाही.

खरी परीक्षा डिसेंबरात झाली. ७ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदीची अधिसूचना निघाली, ३१ मार्च २०२४ पर्यंत बंदी, आणि ८ तारखेला सकाळी जिल्ह्यात लिलाव बंद पडत गेले. ऑगस्टसारखीच गर्दी, उलट जास्तच. ॲपवर मार्केटच्या नावासमोर "लिलाव बंद" आणि खाली शेवटच्या दिवसाचे भाव, एवढंच दिसत होतं पण दिसत होतं. पोस्टग्रेसला त्या दिवशी जवळजवळ सुट्टी. एक भानगड मात्र झाली, अलर्टची रांग फुगली, कारण कोणीतरी "लिलाव बंद" हाही मेसेज सगळ्यांना स्ट्रीमवरून सोडला आणि जुने मेसेज छाटायची मर्यादा स्ट्रीमला लावलेली नव्हती. नो-एव्हिक्शन असलेल्या इन्स्टन्समध्ये हे धोक्याचं, मॅक्सलेन (लांबीची मर्यादा) लावून ते तिथल्या तिथे मिटवलं.

मार्च २०२४ मध्ये रेडिसने लायसन्स बदललं, ७.४ पासून जुनं मोकळं बीएसडी लायसन्स गेलं, आणि लिनक्स फाउंडेशनखाली वॅलकी नावाचा फोर्क (त्याच कोडवरून काढलेली वेगळी आवृत्ती) निघाला. टीममध्ये घबराट, आता पैसे द्यावे लागणार का. नाही, ते निर्बंध मुख्यतः रेडिसच सर्व्हिस म्हणून विकणाऱ्यांसाठी, आपल्या ॲपच्या मागे आपण चालवतो त्याला काही नाही. पुढे मे २०२५ मध्ये रेडिस ८ ला एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय पण आला. यांनी मधल्या काळात वॅलकी टाकून बघितलं, ते रेडिस ७.२ वरूनच फुटलेलं असल्यामुळे यांच्या कोडची एक ओळ बदलावी लागली नाही, आणि मग तेच ठेवलं. यात तत्त्व वगैरे काही नाही, त्यांच्या लिनक्सच्या रिपॉझिटरीत ते आयतं मिळालं.

सध्या टोमॅटो घ्यायचं चाललंय, पिंपळगावचा. तिथे भाव क्विंटलने नाही, २० किलोच्या क्रेटने, आणि एका पिकअपमध्ये चाळीस क्रेट तर दुसऱ्यात दीडशे. कांद्याला एक गाडी एक नोंद धरून मधला भाव काढला ते खपून गेलं, टोमॅटोत खपत नाही, क्रेट मोजून वजनी सरासरी लागते. म्हणजे बेरीज परत आली. आता सॉर्टेड सेट आहे तसा ठेवून शेजारी एक हॅश, आणि एक लुआ स्क्रिप्ट (सर्व्हरच्या आतच चालणारा छोटा प्रोग्राम) जी आधी त्या आयडीचा जुना भाव आणि जुने क्रेट वाचते, तेवढं बेरजेतून वजा करते, नवीन मिळवते आणि मगच झेड-ॲड करते, सगळं एका दमात, मध्ये दुसरी कमांड घुसत नाही. दुरुस्ती आणि दोनदा आलेली नोंद दोन्ही त्यात निभावतात असं टेस्टिंगमध्ये तरी दिसतंय. क्रेट मोजायचे कोणी यावर मात्र पोरं आणि ऑफिस यांचं अजून जमलेलं नाही.